विक्रीकराची वेलांटी

साईनाथ घोलपांच्या पोटात दुखायचं ते जेवणामुळे नव्हे, गोविंदा केणेमुळे. त्यांनी हे कधी कबूल केलं नाही, पण कोपर स्टेशनच्या पश्चिमेला त्यांच्या सोसायटीत कुणालाही विचारा, लगेच सांगेल. गोविंदाची बुलेट गेटातून आत आली की घोलप गॅलरीतल्या खुर्चीवरून उठून आत जात, आणि मग पडद्याच्या फटीतून, कोण कोण त्याच्याशी बोलायला थांबतंय ते बघत. रोज बघत, आणि रोज जळत.

घोलप मूळचे पारनेरकडचे. ठाण्याला एका सरकारी कार्यालयात त्यांनी एकतीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर काढली. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, क्रमांक टाकायचा आणि तो कुठल्या शाखेकडे जाणार ते ठरवायचं. बाहेरच्याला वाटेल, यात काय मोठं? पण कागद हातात घेतला की तो जगणार की मरणार, हे घोलपांना पहिल्या ओळीत कळायचं. साहेबाचं पद चुकलं, विषय चुकला, भलत्याच खात्याचं काम मागितलं, की कागद मेला. सरकारी भाषेत त्याला ‘दप्तरी दाखल’ म्हणतात. म्हणजे कपाटात गेला, पुन्हा उजेड बघणार नाही.

निवृत्त झाल्यावर लोक त्यांच्याकडे अर्ज लिहून घ्यायला यायला लागले. रेशनकार्डातलं नाव, नळाची तक्रार, मृत्यूचा दाखला. घोलप पैसे घेत नसत. त्यांना एवढंच हवं असायचं की माणसाने दारात उभं राहून म्हणावं, “साहेब, जरा एवढं बघता का?” या एका वाक्यासाठी ते सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार बसत. ते वाक्य ज्या दिवशी ऐकू येत नसे, त्या दिवशी बायकोच्या, म्हणजे शुभदाच्या, आमटीत मीठ जास्त असे.

आणि मग मध्ये गोविंदा आला. तसा तो आधीपासून होताच. सोसायटी उभी आहे ती जमीनच मुळी केण्यांची. त्याच्या बापाने तिथे भात लावला होता आणि खाडीकडच्या मिठागरावर मीठही ओढलं होतं. गोविंदा दहावी नापास. खिशाला सोनेरी टोपणाचं पेन, पण सही करताना जीभ बाहेर यायची. तरी माणसं त्याच्याकडे जात, कारण तो बरोबर जायचा. घोलप अर्ज हातात ठेवून दार लावून घेत. गोविंदा माणसाला बुलेटवर मागे बसवायचा, ऑफिसात न्यायचा, शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना “काय शेट” करत काम करून आणायचा. हळूहळू लोक आधी त्याच्याकडे जायला लागले. कागद अजून घोलपांकडेच यायचा, नाही असं नाही. पण गोविंदाच्या हातून यायचा.

दोन हजार चौदा सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. नाक्यावरच्या राकेश मेडिकलवाल्याने काचेवर पाटी लावली: ‘एलबीटीमुळे औषधांवरील सूट बंद’. जकात गेली आणि त्या जागी महापालिकेचा स्थानिक संस्था कर आला, तो हा एलबीटी. माल शहराच्या हद्दीत आला की लागायचा, आणि औषधही मालच. आता कोपरमध्ये पन्नाशी उलटलेला असा माणूस दाखवा, जो रोज एक तरी गोळी घेत नाही. घोलपांना साखर, शुभदाला बीपी आणि थायरॉइड. पाटीपुढे गर्दी जमायला लागली.

पण पाटी कळायला तर हवी! गोविंदाची लांबची चुलती रंगूबाई, तरुणपणी मिठागरावर राबलेली, आता गुडघ्यांनी आणि बीपीने बेजार, तिने काउंटरवर कोपर टेकून विचारलं, “राकेश, माजी एलबीटी कवा करायची? उपाशी पोटी यावा लागल का?”

दुकानात हशा पिकला. पण दुसऱ्या दिवशी खरोखरच दोन म्हातारे शेजारच्या रक्त तपासणीच्या लॅबमध्ये ‘ती नवीन टेस्ट’ विचारायला गेले, आणि तिथली दिशा नावाची मुलगी सांगून सांगून कंटाळली. शेवटी गोविंदाने नाक्यावर उभं राहून समजावलं. “आये, ती रगताची तपासनी नाय. विक्रीकर हाय विक्रीकर. औषध इकल्यावर लागतो त्यो.” हे सगळ्यांना पटकन कळलं. विक्रीकर हा शब्द लोकांच्या कानावर पडलेला होता. तेव्हापासून अख्खा कोपर एलबीटीला विक्रीकर म्हणायला लागला.

मग ठरलं की महापालिकेच्या आयुक्तांना निवेदन द्यायचं, औषधांवरचा कर काढा म्हणून. पुढच्या महिन्यात महासभा होती. त्याच्या आत निवेदन योग्य टेबलावर पोचलं तर विषय निघेल, असं एका नगरसेवकाने सांगितलं होतं. सह्या गोळा करायला गोविंदाने माणसं नेमली, आणि त्यात पहिलं नाव होतं शुभदा घोलप.

इथे खरी ठिणगी पडली. लग्नाला छत्तीस वर्षं झालेली ही बाई, बँकेत गेली तरी सही करायच्या आधी नवऱ्याकडे बघणारी. ती आता रायटिंग पॅड काखेत मारून विंगमागून विंग पालथी घालायला लागली. दुपारी घरी आली की पाय वर घेऊन बसायची आणि सांगायची, “गोविंदभाऊ म्हणाले, वहिनी, तुमच्यासारखं बोलणं कुणाला जमत नाही.” घोलप पेपर वर धरायचे. “गोविंदभाऊ म्हणाले, निवेदन साधं हवं.” पेपर आणखी वर. छत्तीस वर्षांत आपण हिच्या बोलण्याचं कौतुक केलं होतं का, हे आठवून बघायचा त्यांनी प्रयत्न केला, आणि आठवेना म्हणून राग गोविंदावरच काढला.

पण आतून ते वाट बघत होते. निवेदन लिहायला आपल्याकडेच यावं लागणार, जाणार कुठे! त्यांनी मनातल्या मनात मसुदा रचून ठेवला होता. विषय, संदर्भ, उपरोक्त, सबब, सगळं जागच्या जागी. चांगला कागद आणून ठेवला. आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी गोविंदा आला तो लिहिलेला कागद घेऊनच. “साहेब, तुमाला तरास नको म्हून मीच खरडलाय. तुमी शुद्धलेखन तेवरा बगा.”

शुद्धलेखन तेवढं! एकतीस वर्षं आवक-जावक केलेल्या माणसाने वेलांट्या तपासायच्या! घोलपांच्या अंगाचा तिळपापड झाला, पण हसून त्यांनी कागद घेतला, चष्मा लावला, लाल पेन काढलं. पहिलीच ओळ होती: ‘विषय – औषधांवरील विक्रिकर रद्द करणेबाबत.’

त्यांना तिथेच दिसलं. विक्रीकर महापालिकेचा नसतोच. तो राज्य सरकारचा, त्याचं खातंच वेगळं. महापालिकेचा तो स्थानिक संस्था कर. या शब्दाने कागद गेला, तर आवकचा कारकून तो उचलून भलत्या शाखेकडे टाकणार, आणि तिथला माणूस एका ओळीत झटकून टाकणार. एक शब्द खोडायचा आणि वर दुसरा लिहायचा, बस. लाल पेन त्या शब्दापाशी गेलंही.

तेवढ्यात शुभदा चहा घेऊन आली. पहिला कप गोविंदाला. “आलं जास्त घातलंय हं, तुम्हाला आवडतं तसं.” मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, “अहो, किती छान लिहिलंय ना भाऊंनी? कुणालाही समजेल असं. नाहीतर तुमचं ते उपरोक्त नि तदनुषंगाने!”

घोलपांचं पेन क्षणभर थांबलं. मग त्यांनी ‘विक्रिकर’मधली ऱ्हस्व वेलांटी खोडून दीर्घ केली. खाली ‘आयूक्त’चा ‘आयुक्त’ केला. दोन ठिकाणी अनुस्वार दिले. कागद गोविंदाच्या हातात ठेवला आणि म्हणाले, “छान आहे. जाऊ द्या.”

त्यांना त्या वेळी आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. खूप दिवसांनी चहा गोड लागला, बिनसाखरेचा असून.

निवेदन गेलं. आपल्याकडे निवेदन नुसतं देत नाहीत, फोटो काढतात. कागदाचं एक टोक साहेबाच्या हातात आणि उरलेल्या कडांना दहा जणांची बोटं. घोलपांना बोलावणं होतं, पण त्यांनी गुडघ्याचं निमित्त काढलं. स्थानिक साप्ताहिकात फोटो आला, त्यात शुभदा पिस्ता रंगाच्या साडीत, गोविंदाच्या शेजारी, कागदाला बोट लावून. तिने कात्रण फ्रिजला चिकटवलं. घोलप पाणी प्यायला गेले की फोटो समोर. हसून घे बाई, त्यांच्या मनात यायचं, तीन आठवडे हसून घे.

फक्त एकदा त्यांना टोचलं. राकेशच्या दुकानात ते साखरेच्या गोळ्या घेत होते, शेजारी रंगूबाई होती. ती राकेशला सांगत होती, “अर्धाच पाकीट दे. यक दिस आड घेतंय. गोविंदाचा कागद पास झाला का मग पुरता नेन.”

“आजी, गोळी चुकवू नका,” घोलप म्हणाले. राकेश म्हणाला, “साहेब, महासभेत विषय येऊ दे, सूट परत चालू.” घोलपांनी “बघू या” म्हणून पिशवी उचलली. पुढचे दोन दिवस ते दुसऱ्या रस्त्याने गेले.

महासभा झाली. तिच्या तिसऱ्या दिवशी गोविंदा धापा टाकत जिना चढून आला. एका हातात महापालिकेचं पत्र, दुसऱ्या हातात पेढ्यांचा बॉक्स. “साहेब, पास झाला आपला कागद! वैनी, तोंड गोड करा!”

घोलपांनी पत्र घेतलं. विषय राज्य शासनाच्या विक्रीकर विभागाशी संबंधित असून या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही, सबब आपले निवेदन दप्तरी दाखल करण्यात येत आहे. शब्द न शब्द त्यांच्या ओळखीचा. असली पत्रं त्यांनी शेकड्यांनी रवाना केली होती.

“दाखल झाला ना?” गोविंदाने विचारलं. “दाखल म्हंजे आत घेतला.”

“आत घेतला,” घोलप म्हणाले. “पण बाहेर येणार नाही, गोविंदराव. दप्तरी दाखल म्हणजे प्रकरण संपलं. विक्रीकर महापालिकेचा नसतो. तिथे स्थानिक संस्था कर लिहायला हवं होतं.”

गोविंदाच्या हातातला बॉक्स तसाच राहिला. “यका शब्दासाठी?” तो म्हणाला. मग खुर्चीत बसला. “हज्जार सह्या व्हत्या साहेब. माज्या यका शब्दानं गेल्या.” बॉक्स टेबलावर ठेवून तो उठला. जाताना चप्पल घालायला त्याला नेहमीपेक्षा वेळ लागला.

शुभदाने सह्यांच्या झेरॉक्सच्या गठ्ठ्यातून तो कच्चा कागद काढला, कारण ती सगळं जपून ठेवणारी. नवऱ्यापुढे धरला. “तुम्हाला दिसलं नव्हतं?”

“नजरचूक झाली असेल.”

“नजरचूक?” तिने बोट ठेवलं ते नेमकं लाल वेलांटीवर. “शब्द दिसला नाही, आणि त्याची वेलांटी दिसली?”

घोलपांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. ते म्हणाले, “मी नवीन निवेदन लिहून देतो. आत्ता देतो.”

“लिहा,” ती म्हणाली. “आणि सह्या घ्यायला तुम्हीही यायचं. गुडघ्यासकट.”

निवेदन उत्तम झालं, याबद्दल वाद नाही. एकही शब्द इकडचा तिकडे नाही. पण हजार सह्या पुन्हा घ्यायच्या म्हणजे हजार वेळा तोंड दाखवायचं. पुढे गोविंदा, मागे शुभदा, तिच्या मागे घोलप, अशी वरात निघाली. दार उघडलं की गोविंदा हात जोडायचा. “माफी करा, चूक झाली माजी. इषय चुकीचा लिवला. परत यक सही द्या.” कुणी हसायचं, कुणी करवादायचं, पण सही द्यायचं. कुणी वर पाणी द्यायचं. दुसऱ्या विंगेत तर एका बाईने त्याला म्हटलं, “जाऊ दे रे गोविंदा, एवढं करतोस तेच खूप.”

आणि काय सांगावं, घोलपांना याचाही हेवा वाटला! चूक त्या माणसाची नव्हती, ती त्यांची स्वतःची होती, आणि कौतुक मात्र त्याचं होत होतं. इतक्या सहज ‘माजी चूक’ म्हणता येतं, आणि म्हटल्यावर लोक आणखी जवळ येतात, हे त्यांना साठी उलटल्यावर कळत होतं. एकतीस वर्षांत त्यांनी लोकांच्या चुका दाखवल्या. स्वतःची एकही कुणाला दाखवली नव्हती. तो माणूस दारोदार जाऊन त्यांच्या चुकीवरसुद्धा आपलं नाव घालत होता, आणि ते त्यांना सहन होत नव्हतं.

शेवटी रंगूबाईचं घर. ती पलंगावर बसली होती, पाय सुजलेले. आठ दिवसांपूर्वी चक्कर येऊन पडली होती म्हणे; बीपी वर गेलं होतं. तिने गोविंदाला झापलं. “यवरा सारा फिरलास, आनि चुकलास कसा रं?”

“मना लिवता कुठं येतंय, आये,” गोविंदा म्हणाला.

घोलप दारातच उभे होते. त्यांच्या तोंडून निघून गेलं. “आजी, त्याची चूक नाही. मला माहीत होतं. कागद माझ्या हातात होता, मला तेव्हाच दिसलं होतं. मी सांगितलं नाही.”

शुभदाने डोळे मिटले. गोविंदा वळला आणि त्याने घोलपांकडे बघितलं. रागाने नाही; ओळखीचा माणूस गर्दीत दिसावा आणि तो तो नसावा, तसं बघितलं.

“का नाय सांगितलास?” रंगूबाईने विचारलं.

“पोटात दुखत होतं, आजी.”

रंगूबाईला ऐकू कमी यायचं, समजलंही तसंच असेल. “मंग ओवा खायचास,” ती म्हणाली, आणि अंगठा पुढे केला. एरवी गोविंदा यावर खो खो हसला असता. त्याने शाईचं पॅड उघडलं, तिचा अंगठा धरून कागदावर टेकवला, फडक्याने पुसला आणि बाहेर गेला. घोलपांच्या अंगावरून जाताना तो थोडा बाजूला झाला, धक्का लागू नये म्हणून.

दुसरं निवेदन योग्य टेबलावर गेलं. त्याचं काय झालं ते कुणालाच नीट कळलं नाही, कारण पुढच्या पावसाळ्यात सरकारने तो करच बहुतेक व्यापाऱ्यांवरून उठवला. राकेशने पाटी काढली. रंगूबाई पुरतं पाकीट न्यायला लागली. नाक्यावर पेढे वाटले गेले, ते गोविंदानेच वाटले, आणि घोलपांच्या हातावरही एक ठेवला. भांडण असं कधी झालंच नाही. गेटात भेटला की तो अजून म्हणतो, “नमस्कार साहेब.”

फक्त कागद आला की तो आता शुभदाकडे येतो. हॉलमध्ये बसून ती वाचते, गोविंदा ऐकतो, दोघं मिळून दुरुस्त करतात. घोलप आतल्या खोलीत असतात. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. गोविंदाचा हेवा जुना झाला, आता बायकोचा वाटतो, आणि तो कुणाला सांगायचीही सोय नाही.

परवा असाच एक कागद आला. रेशन दुकानाची तक्रार. शुभदा मोठ्याने वाचत होती, “प्रति, माननीय तहसीलदार...” घोलप आतून ऐकत होते. त्यांना राहवलं नाही. उठून दारात आले.

“तहसीलदार नाही,” ते म्हणाले. “आपल्याकडे ते शिधावाटप अधिकाऱ्याकडे जातं. तहसीलदार लिहिलंत तर कागद परत येईल.”

शब्द बरोबर होता; त्याबद्दल घोलप पैज लावायला तयार होते. गोविंदाने त्यांच्याकडे मान हलवली, अगदी आदराने. मग शुभदाकडे वळून हळूच म्हणाला, “वैनी, हापिसात यकदा इचारून घ्या हां, साहेब बोलतान ता बराबर हाय का.”

शुभदाने ‘हो’ म्हटलं, आणि विसरायला नको म्हणून ‘तहसीलदार’ या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारून ठेवली.